सीसी नको, पेट्रोल मोजा

‘किती सीसीची आहे रे?’ कॉलेजच्या पार्किंगमध्ये नवी गाडी लागली की पहिला प्रश्न हाच. दुसरा ‘किती देते?’ आणि तिसरा ‘एक राउंड मारू का?’ यातला पहिला प्रश्न आपण इतकी वर्षं विचारतोय की सीसी म्हणजे ताकद, सीसी म्हणजे खर्च, सीसी म्हणजे ऐपत, असं समीकरणच डोक्यात बसलंय. खरं तर सीसी म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो, तेवढ्या जागेचं माप. बस्स. गाडी किती पळेल, किती पिईल, किती धूर सोडेल, हे तो आकडा एकटा सांगत नाही.

पटत नसेल तर कट्ट्यासमोरच्या दोन बाइक्स बघा. ३४९ सीसीची बुलेट साधारण २० हॉर्सपॉवर देते आणि चाकणला बनणारी १९९.५ सीसीची ड्यूक २५. ओढ बुलेटची जास्त, पळ ड्यूकचा. बाइकवाल्या मंडळींना हे केव्हाच कळलंय. कारच्या दुनियेत मात्र या गोंधळाला आता लाखांची किंमत आहे आणि ती आपल्या घरातून जाते. म्हणून हा विषय फक्त गाडीवेड्यांचा नाही.

ह्युंदाईच्या दोन गाड्या घ्या. व्हेन्यूचं टर्बो पेट्रोल इंजिन ९९८ सीसीचं, तीन सिलिंडरचं. ताकद १२० पीएस (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरचंच एक माप). तिची थोरली बहीण क्रेटा, तिचं साधं पेट्रोल इंजिन १४९७ सीसीचं, चार सिलिंडरचं. ताकद ११५ पीएस. धाकटीचं इंजिन एक तृतीयांशाने लहान, तरी ताकद जास्त. ही जादू कोणाची? टर्बोची.

हवा भरवणारा पंखा

इंजिनाला पेट्रोल पाजणं सोपं असतं, हवा भरवणं अवघड. १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. साधं इंजिन आपल्या श्वासाने जेवढी ओढता येईल तेवढीच हवा घेतं. टर्बोचार्जर काय करतो, तर सायलेन्सरकडे वाया चाललेल्या गरम वायूच्या झोतावर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हा दांडा मिनिटाला लाखापेक्षा जास्त फेरे घेतो. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून छोट्याच सिलिंडरमध्ये मोठा स्फोट.

कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युशी या इंजिनिअरने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. १९६२ मध्ये अमेरिकेत टर्बोच्या पहिल्या कार विक्रीला आल्या. आपल्याकडेही टर्बो काल-परवा आलेला नाही. काकांच्या जुन्या स्विफ्ट डिझेलमधलं १२४८ सीसीचं इंजिन टर्बोचंच होतं. फियाटचं हे इंजिन इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं की लोक त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे. नवीन आहे तो पेट्रोलमधला टर्बो. २०१३ मध्ये चाकणच्या कारखान्यातून पोलो जीटी टीएसआय बाहेर पडली. ११९७ सीसी, १०५ पीएस. त्याच वर्षी फोर्डच्या इकोस्पोर्टमध्ये ९९९ सीसीचं टर्बो इंजिन आलं. आज चार मीटरच्या आतल्या जवळपास प्रत्येक एसयूव्हीला टर्बोचा पर्याय असतो.

तर मग वाद कशाचा? वाद असा की, छोटं टर्बो चांगलं की मोठं साधं इंजिन? कट्ट्यावर याची उत्तरं ठाम असतात. ‘टर्बोशिवाय मजा नाही’ किंवा ‘टर्बो म्हणजे पुढे खर्चाला आमंत्रण’. दोन्ही अर्धवट आहेत.

टर्बो काय देतो, काय घेतो

आधी देणं बघू. व्हेन्यूच्याच दोन इंजिनांचा हिशोब घ्या. १.० टर्बो १७२ एनएम टॉर्क देतं आणि तोही १५०० आरपीएमपासून. १.२ साधं इंजिन ११४ एनएम देतं आणि त्यासाठी काटा ४००० पर्यंत न्यावा लागतो. गाडीत पाच जण, डिकीत बॅगा, एसी चालू आणि समोर कसारा घाट. साधं इंजिन दम खातं, दुसरा गिअर मागतं, ओरडतं. टर्बो त्याच चढावर तिसऱ्यात निवांत चढतो. शिवाय उंचावर हवा विरळ होते. हजार मीटर चढलं की साध्या इंजिनाची साधारण दहा टक्के ताकद कमी होते. टर्बो हवा दाबूनच भरत असल्याने त्याला ही झळ कमी बसते. लेह-लडाखचे प्लॅन करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आता पेट्रोल. सपाट रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाने जाताना कुठल्याही छोट्या कारला पंधरा-वीस हॉर्सपॉवर पुरते. अशा वेळी मोठं इंजिन म्हणजे चार माणसांच्या घरात पंगतीचं पातेलं. हवेची झडप जवळजवळ बंद ठेवून ते श्वास घेत असतं आणि त्या ओढाताणीतच पेट्रोल वाया जातं. छोट्या इंजिनाला ही ओढाताण कमी, घर्षणही कमी. म्हणून शांतपणे चालवली तर टर्बो गाडी वाचवते.

पण पाय दाबला की चित्र पालटतं. ताकद फुकट येत नाही. तेवढं वजन तेवढ्या वेगाने ढकलायला तेवढीच ऊर्जा लागणार, इंजिन लहान असो की मोठं. उलट दाबलेली हवा तापते, पेट्रोल अवेळी पेटायला बघतं, खटखट होते. ते टाळायला संगणक ठिणगी उशिरा पाडतो, काही वेळा थंडाव्यासाठी जादा पेट्रोल सोडतो. म्हणून एक्स्प्रेसवेवर कायम डाव्या-उजव्या लेन बदलत पळवणाऱ्याला छापील आकड्याच्या जवळपासही अ‍ॅव्हरेज मिळत नाही. टर्बो गाडी हळू चालवलीत तर लहान इंजिनासारखी पिते, दामटलीत तर मोठ्यासारखी. कधी कधी त्याहून जास्त.

मग छापील आकडा येतो कुठून? पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत गाडी रोलरवर चढवून ठरावीक तालात चालवली जाते. आजवरच्या या चाचणीत वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला एसी बंद ठेवून गाडी कोण चालवतं? ही मवाळ चाचणी टर्बोला विशेष मानवते, कारण त्याची खरी परीक्षा पाय दाबल्यावर असते.

बाकी बारीकसारीक गोष्टी आहेतच. दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पंधराशेच्या खाली टर्बो सुस्त वाटतो. ऑईल वेळेवर आणि योग्य ग्रेडचंच लागतं. कारण तो लाखभर फेऱ्यांचा दांडा ऑईलच्या पातळ थरावरच तरंगत असतो. घाट दामटून आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर तशीच चालू ठेवावी. साधं इंजिन यातल्या बऱ्याच गोष्टी चालवून घेतं. ते काही कमीपणाचं लक्षण नाही.

थोडक्यात, दोन्ही इंजिनं आपापल्या जागी बरोबर आहेत. युरोपात कार्बन डायऑक्साइडचे नियम कडक झाले तेव्हा कंपन्यांनी इंजिनं धडाधड लहान केली. नंतर फोक्सवॅगननेच १.४ च्या जागी पुन्हा १.५ आणलं. माझदासारखी कंपनी साध्या इंजिनालाच पैलू पाडत राहिली. इंजिनिअरला मोकळं सोडलं तर तो ‘लहान’ किंवा ‘मोठं’ शोधत नाही, ‘योग्य’ शोधतो.

आपल्याकडे मात्र त्याला मोकळं सोडलेलंच नाही.

इंजिन कोण ठरवतं?

२००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्के झाला. छोटी गाडी कुठली? लांबी ४ मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत. हेतू स्वच्छ होता. भारतात छोट्या गाड्या बनाव्यात, मध्यमवर्गाला परवडाव्यात. त्या वेळी बाराशेच्या आतली पेट्रोल गाडी खरोखरच छोटी असायची. मारुती ८०० ची ताकद चाळीस हॉर्सपॉवरसुद्धा नव्हती.

मग रेषा आखली की रेषेवर कसरत सुरू होते. २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची डिकी आखडून सीएस आणली. २०१२ मध्ये डिझायरची शेपटी कापून ३९९५ मिलिमीटरवर आणली. स्विफ्टचं १.३ चं पेट्रोल इंजिन २०१० मध्ये जाऊन १.२ चं आलं. आणि ताकद कमी पडायला लागली तेव्हा बाराशेच्याच आत टर्बो बसला. म्हणजे बघा, युरोपात इंजिनं लहान झाली धुराच्या नियमाने. आपल्याकडे ती लहान राहिली मुख्यतः कराच्या रेषेने. दोन्हीकडे यंत्र एकच, कारण वेगळं.

पुरावा हवा? मारुतीच्या फ्रॉन्क्समध्ये दोन पेट्रोल इंजिनं मिळतात. १.२ साधं, ९० पीएस. १.० टर्बो, १०० पीएस. मॅन्युअल गिअरच्या गाड्यांचं जाहीर अ‍ॅव्हरेज अनुक्रमे २१.७९ आणि २१.५. म्हणजे टर्बोने पेट्रोल वाचवलेलं नाही, पिकअप दिलाय. त्यात वाईट काही नाही. फक्त ‘छोटं इंजिन म्हणजे पर्यावरणाला हातभार’ असं कोणी शोरूममध्ये ऐकवलं तर हसून सोडून द्या.

आता खरी गंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. ४ मीटर आणि १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाडीला १८ टक्के. त्याबाहेरच्या सगळ्यांना ४० टक्के. आधी छोट्या पेट्रोल गाडीला सेससकट २९ आणि दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला ४५ टक्के लागायचे. म्हणजे दरी १६ टक्क्यांची होती, ती २२ ची झाली.

नेक्सॉन आणि ब्रेझा शेजारी उभ्या करा. दोघींची लांबी ३९९५ मिलिमीटर. दोन्ही पाच माणसांच्या. नेक्सॉनला ११९९ सीसीचं टर्बो इंजिन, १२० पीएस. ब्रेझाला १४६२ सीसीचं साधं इंजिन, १०३ पीएस. जास्त ताकदीच्या गाडीला १८ टक्के, कमी ताकदीच्या गाडीला ४० टक्के. कराआधी आठ लाखांची गाडी धरली तर पहिलीवर १ लाख ४४ हजार, दुसरीवर ३ लाख २० हजार. फरक १ लाख ७६ हजारांचा. एखाद्याच्या डिग्रीची फी निघेल एवढा. आणि तो कशाबद्दल? २६३ सीसीबद्दल. ती जास्त पेट्रोल पिते म्हणून नाही, जास्त धूर सोडते म्हणून नाही, जास्त रस्ता अडवते म्हणून तर नाहीच नाही.

यात नेक्सॉनचा दोष नाही. नियम आहे त्यात तिने हुशारीने जागा शोधली. ब्रेझाचंही कौतुक करायचं नाही. दोष मोजपट्टीचा आहे. आणि ही मोजपट्टी दुसऱ्या टोकालाही तितकीच आंधळी आहे. इनोव्हा हायक्रॉसमध्ये १९८७ सीसीचं इंजिन दोन प्रकारे मिळतं. साध्या गाडीचं जाहीर अ‍ॅव्हरेज १६.१३, हायब्रिडचं २३.२४. एका लिटरमागे सात किलोमीटरचा फरक. कर? दोघींना सारखाच, ४० टक्के. इकडे ६७ पीएसची आल्टो के१० आणि १२० पीएसची एसयूव्ही, दोघींना १८.

सीसी आणि टर्बो एकाच तराजूत तोलता येत नाहीत, हे जगाला फार आधी कळलं होतं. फॉर्म्युला वनमध्ये १९६६ पासून नियम होता की, साधं इंजिन असेल तर ३ लिटर, हवा दाबून भरणारं असेल तर निम्मं, म्हणजे दीड लिटर. १९७७ मध्ये रेनॉने या नियमाखाली पहिली टर्बो रेसकार उतरवली. ती इतक्यांदा धूर ओकत बंद पडायची की तिला ‘पिवळी किटली’ म्हणून चिडवलं गेलं. दोन वर्षांत, १९७९ मध्ये, त्याच कंपनीच्या टर्बो गाडीने फ्रान्सची शर्यत जिंकली. सांगायचा मुद्दा हा की, रेसवाल्यांनी साठ वर्षांपूर्वी जो फरक नियमात लिहिला, तो आपल्या करात आजही नाही.

मग मोजायचं काय?

सरळ आहे. गाडी एका किलोमीटरला किती कार्बन डायऑक्साइड सोडते ते मोजा. १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे धूर मोजला की पेट्रोल आपोआप मोजलं जातं. टर्बो, हायब्रिड, लहान, मोठं, इंजिनिअरने काय वाटेल ते करावं. कमी जाळणाऱ्याला कमी कर. ब्रिटनने २००१ मध्ये नव्या कारचा वार्षिक कर असाच धुराशी जोडला. फ्रान्सने २००८ मध्ये जास्त धुरावर दंड आणि कमी धुरावर बक्षीस सुरू केलं.

आपल्याला यासाठी नवं काही शोधायचंही नाही. कंपन्यांच्या सगळ्या गाड्यांचं सरासरी उत्सर्जन आपलं सरकार २०१७ पासून मोजतंच आहे. २०२२ पासूनची मर्यादा किलोमीटरला सरासरी ११३ ग्रॅम, म्हणजे ढोबळमानाने लिटरला वीस किलोमीटर. प्रत्येक मॉडेलचा आकडा फाइलमध्ये आहे. कर लावताना ती फाइल तेवढी उघडली जात नाही.

यावर दोन आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पहिला, लांबी आणि सीसी टेपने, कागदाने तपासता येतात. धुराच्या आकड्यात लबाडी होऊ शकते. खरंय. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण जगाने पाहिलं. पण त्यावर उपाय मोजमाप सोडून देणं हा नाही, ते रस्त्यावर आणणं हा आहे. युरोपात २०२१ पासून नव्या गाड्यांमध्ये प्रत्यक्ष किती इंधन जळलं याची नोंद गाडीतच ठेवावी लागते. त्यातून कळलं की पेट्रोल-डिझेल गाड्या कागदापेक्षा सुमारे वीस टक्के जास्त जाळतात. असा आरसा आपल्यालाही हवा.

दुसरा आक्षेप, इलेक्ट्रिक गाड्या येतायत, त्यांना जीएसटी ५ टक्केच आहे, मग पेट्रोल इंजिनावर डोकं कशाला शिणवायचं? कारण आज शोरूममधून निघालेली पेट्रोल गाडी १५ वर्षांच्या नोंदणीची असते. ती २०४० पर्यंत आपल्याच रस्त्यावर, आपल्याच फुप्फुसांशेजारी धावणार आहे. आणि आपण कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. तिने जाळलेला प्रत्येक जादा लिटर परदेशातून विकत आणलेला असेल.

तुमच्या हातात काय?

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी येत्या काही वर्षांत पहिली किंवा दुसरी कार येईल. आणि ‘तू बघ रे नेटवर, तुला कळतं त्यातलं’ म्हणून निवड तुमच्यावर येईल. तेव्हा चार प्रश्न आधी विचारा. रोजचा रस्ता कोणता, गर्दीचा की घाटाचा? वर्षाला किती किलोमीटर? चालवणार कोण, बाबा की तुम्ही? आणि जवळच्या गावात चांगलं सर्व्हिस सेंटर आहे का? शहरात रोज दहा-पंधरा किलोमीटर फिरणाऱ्या घराला साधं १.२ भरपूर होतं, टर्बोसाठी वर मोजलेली रक्कम पेट्रोलमधून परत येत नाही. महिन्यातून दोनदा गच्च भरलेली गाडी घेऊन गावी घाट चढणाऱ्याला टर्बो सुख देईल. टेस्ट ड्राइव्ह घेताना एकट्याने घेऊ नका. चौघांना बसवा, एसी लावा आणि एखादा चढ शोधा.

आणि मेकॅनिकल, ऑटोमोबाइलवाल्यांनो, हे तर तुमचंच शेत आहे. चाकण, रांजणगाव, नाशिकच्या कारखान्यांत उद्याची इंजिनं तुम्ही घडवणार. तिथे गेल्यावर कळेल की डिझाइनचा पहिला आकडा अनेकदा थर्मोडायनॅमिक्समधून येत नाही, कराच्या तक्त्यातून येतो. उत्तम इंजिन बनवायचं की ११९९ सीसीत बसणारं, या कात्रीत तुमचं कौशल्य अडकेल. म्हणून कॉमर्स आणि लॉच्या मित्रांनाही या चर्चेत ओढा. कर कशावर लावायचा हे ठरवणं जितकं अर्थशास्त्र आहे, तितकंच ते इंजिनिअरिंगही आहे.

अर्थमंत्र्यांनी १८ आणि ४० च्या मधली रेषा पुन्हा आखावी. फक्त या वेळी फुटपट्टी बॉनेटखाली न लावता पेट्रोलच्या टाकीला आणि सायलेन्सरच्या तोंडाला लावावी. टर्बो की मोठं इंजिन, हा वाद मग इंजिनिअर आणि गाडी घेणारे आपसात मिटवतील. त्यात कराने पंचगिरी करायची गरज उरणार नाही.